पीडीएफवर केलेल्या खुणा समोरच्याला दिसत नाहीत, तेव्हा

तक्रार नेहमी एकाच वाक्यात येते. "ताई, फाइल कोरी आलीय." पलीकडे डीटीपी (संगणकावर पानांची मांडणी) करणारा मुलगा, अलीकडे मी, आणि मध्ये चौसष्ट पानांचं प्रूफ. त्यावर मी रात्री दोनपर्यंत बसून ऱ्हस्व-दीर्घ, सुटलेले अनुस्वार, उलटी पडलेली अवतरणचिन्हं असं सगळं पिवळं करून ठेवलेलं. माझ्या पडद्यावर ते पिवळं अजूनही दिसतंय. त्याच्या पडद्यावर पान धुतल्यासारखं स्वच्छ.

दिवाळी अंकांच्या घाईत हे दर वर्षी तीन-चारदा तरी व्हायचं. कधी माझी फाइल कोरी जायची, कधी दुसऱ्या कुणी तपासलेली माझ्याकडे कोरी यायची. दर वेळी कारण वेगळं निघायचं, त्यामुळे दर वेळी शोधाशोध पहिल्यापासून. बऱ्याच उशिरा लक्षात आलं, की कारणं पाच-सहा असली तरी विचारायचा प्रश्न एकच असतो: खूण ठेवली गेली कुठे? पीडीएफच्या आत, पीडीएफच्या शेजारी दुसऱ्या फाइलीत, की प्रोग्रामच्या स्वतःच्या कपाटात?

पडद्यावर या तिन्ही गोष्टी अगदी सारख्या दिसतात, तिथेच फसगत होते.

मी लिनक्सवर काम करते आणि खुणांसाठी मुख्यतः ऑक्युलर हा पीडीएफ वाचक वापरते. त्यामुळे खाली ऑक्युलरबद्दल जास्त आहे, बाकीच्यांबद्दल ओझरतं. मेन्यूंची नावं इंग्रजीच ठेवली आहेत, कारण बहुतेकांच्या पडद्यावर तीच असतात.

आधी दोन मिनिटांची चाचणी

फाइल पाठवण्याआधी प्रोग्राम बंद करा आणि फोल्डरमध्ये जाऊन त्या पीडीएफची शेवटच्या बदलाची वेळ बघा. रात्री दोनपर्यंत काम केलं आणि फाइलवर वेळ परवा दुपारची दिसत असेल, तर पुढचं काही तपासायलाच नको. खुणा त्या फाइलीत नाहीत.

वेळ बरोबर असेल तर फाइलची एक प्रत करा, तिला भलतंच नाव द्या, दुसऱ्या फोल्डरमध्ये टाका आणि दुसऱ्या प्रोग्राममध्ये उघडा. मी फायरफॉक्समध्ये उघडते, कारण तो बहुतेकांकडे असतोच आणि त्याचा पीडीएफ वाचक ऑक्युलरपेक्षा पूर्ण वेगळा आहे. नाव बदलण्याचा आग्रह का, ते पुढच्याच भागात कळेल. तिथे खुणा दिसल्या तर आपली बाजू साफ, दोष समोरच्याच्या वाचकात शोधायचा. नाही दिसल्या तर घोळ आपल्याच घरात आहे.

जुनं ऑक्युलर आणि त्याचं गुप्त कपाट

माझा पहिला घोळ हाच होता, आणि तो सापडायला सर्वांत जास्त वेळ लागला. घरच्या जुन्या लॅपटॉपवर उबुंटू १६.०४ हे २०१६ चं लिनक्स होतं. त्यातलं ऑक्युलर खुणा आपोआप पीडीएफमध्ये लिहायचंच नाही. होम फोल्डरमध्ये एक लपलेलं केडीई फोल्डर असायचं, त्यात शेअर, त्यात ॲप्स, त्यात ऑक्युलर, त्यात डॉकडेटा (१६.१२ पासूनच्या आवृत्त्यांत लपलेलं लोकल फोल्डर, त्यात शेअर, त्यात ऑक्युलर, त्यात डॉकडेटा). तिथे ते दर पीडीएफसाठी एक छोटी एक्सएमएल फाइल करायचं आणि सगळ्या खुणा त्यात नोंदवायचं. पीडीएफला हातही लागायचा नाही. पुन्हा तीच फाइल उघडली की ऑक्युलर कपाटातून चिठ्ठी काढून खुणा पानावर मांडायचं, आणि मला वाटायचं, सगळं आहे की जागच्या जागी.

गंमत पुढे आहे. कपाटातली कुठली चिठ्ठी कुठल्या पीडीएफची, हे ऑक्युलर ओळखतं दोन गोष्टींवरून: फाइलचा आकार बाइटमध्ये किती, आणि तिचं नाव काय. चिठ्ठीचं नावच तसं असतं, आधी आकाराचा आकडा, मग टिंब, मग पीडीएफचं नाव. म्हणजे 'प्रूफ' या फाइलीला मी 'प्रूफ तपासलेले' असं नाव दिलं, की चिठ्ठी जुळायची नाही आणि खुणा माझ्याच डोळ्यांसमोरून नाहीशा व्हायच्या. मी तर तपासून झालं की नाव बदलूनच पाठवायची. त्या काळात मी माझ्याच लॅपटॉपला काय काय बोलले असेन ते इथे लिहिण्यासारखं नाही.

चाचणीत नाव बदलायला सांगितलं ते यासाठी. कपाटातल्या खुणा नाव बदललेल्या प्रतीवर कधीच उमटत नाहीत, फाइलीतल्या उमटतात.

डिसेंबर २०१७ मध्ये आलेल्या आवृत्तीपासून हे बदललं. ऑक्युलर ज्या केडीई प्रोग्रामसंचातून येतं, त्याचा तेव्हाचा क्रमांकच १७.१२ आहे, वर्ष आणि महिना. तेव्हापासून कंट्रोल आणि एस दाबलं की खुणा थेट पीडीएफमध्ये जातात, आणि न जतन करता बंद करायला गेलात तर ऑक्युलर विचारतं. तुमच्याकडे याहून जुनी आवृत्ती असेल तर ती बदलणं हाच उपाय. ते शक्य नसेल तर निदान 'फाइल'मधून 'सेव्ह ॲज' करून दुसऱ्या नावाने पीडीएफ काढा. २०१२ च्या केडीई ४.९ संचापासून त्या वाटेने खुणा पीडीएफमध्ये लिहिता यायच्या, फक्त आपण होऊन करायला लागायचं.

आणि जुन्या कपाटात अडकलेल्या खुणा? त्या बहुतेक वेळा परत मिळतात. डॉकडेटा फोल्डर उघडा, आपल्या पीडीएफचं नाव असलेली एक्सएमएल शोधा. तिच्या नावातला आकडा बघा. तेवढ्याच बाइटची मूळ, अस्पर्शित पीडीएफ शोधून काढा (मेलमध्ये आलेली पहिली प्रत बहुधा तीच असते), तिला अगदी तेच नाव द्या आणि नव्या ऑक्युलरमध्ये उघडा. खुणा दिसतील आणि वर एक पट्टी सांगेल, की या खुणा जुन्या अंतर्गत साठ्यातल्या आहेत, पुढे काम करायचं तर फाइल जतन करा. करा. मी अशा रीतीने एका कादंबरीचं अख्खं दुसरं प्रूफ परत मिळवलं होतं. ऑक्युलर फ्लॅटपॅकमधून (लिनक्सवर प्रोग्राम बसवायची एक वेगळी पद्धत) घेतलेलं असेल तर कपाट वेगळ्या जागी असतं: होममधलं लपलेलं व्हार फोल्डर, त्यात ॲप, त्यात ऑक्युलरचं फोल्डर, त्यात डेटा.

दुसऱ्या यंत्रावर नवीन लिनक्स टाकण्याआधी हे डॉकडेटा फोल्डर पेनड्राइव्हवर घ्यायला विसरू नका. होम फोल्डरची प्रत करताना लपलेली फोल्डरं सुटतात, हे मला अनुभवाने माहीत आहे.

मेलमधून थेट उघडलेली फाइल

हे कारण इतकं साधं आहे, की कुणी सांगितलं तर राग येतो. मेलमध्ये जोडलेल्या पीडीएफवर दोनदा टिचकी मारली, फाइल उघडली, तीन तास खुणा केल्या, जतनही केलं. सगळं नीट. फक्त ती फाइल तात्पुरत्या फोल्डरमध्ये होती. मेल प्रोग्राम जोडपत्र तिथे ठेवून उघडतो आणि यंत्र बंद करून चालू केलं की ते फोल्डर बऱ्याचदा रिकामं होतं. सकाळी मी डाउनलोड्समधली प्रत पाठवते, ती अर्थातच कोरी.

खुणा करायच्या आधी ऑक्युलरच्या 'फाइल' मेन्यूतून 'प्रॉपर्टीज' उघडून फाइल कुठल्या फोल्डरात आहे ते बघा. वाटेत टीएमपी असा काही शब्द दिसला तर लगेच 'सेव्ह ॲज' करून आपल्या फोल्डरमध्ये घ्या. रात्रीच लक्षात आलं आणि यंत्र अजून बंद केलेलं नसलं, तर ती फाइल तिथेच असते. उचलून घ्या.

चुकीच्या साच्यात जतन

ऑक्युलरच्या 'सेव्ह ॲज'मध्ये पीडीएफखेरीज एक 'डॉक्युमेंट आर्काइव्ह' असा पर्याय असतो. ती प्रत्यक्षात झिप केलेली पुडी आहे, मूळ फाइल आणि खुणांची चिठ्ठी एकत्र बांधलेली. डेजाव्हू किंवा ईपबसारख्या साच्यांसाठी तोच मार्ग आहे, कारण त्यांच्या आत ऑक्युलर खुणा लिहीत नाही. पण ती पुडी दुसऱ्या कुणालाही उघडत नाही. डीटीपीवाल्याला पाठवली तर फाइल कोरी नाही, 'फाइल उघडतच नाही' असा फोन येतो. ऑक्युलरमध्ये पुन्हा उघडून पीडीएफ म्हणून जतन करा, झालं.

बाकीचे प्रोग्राम

फायरफॉक्समध्ये ऑक्टोबर २०२२ च्या १०६ व्या आवृत्तीपासून पानावर लिहिता आणि रेघोट्या ओढता येतात. मात्र तो मूळ फाइलीला आपण होऊन हात लावत नाही. वरचं जतनाचं बटण दाबलं की डाउनलोड्समध्ये नवी प्रत पडते, त्या नावाची फाइल तिथे आधीच असेल तर नावापुढे कंसात १. आपण पाठवतो जुनी. यापलीकडे काही नाही.

झर्नल प्लस प्लस मला आवडतं. पेन असलेल्या टॅबवर प्रूफ तपासायचं तर याच्याइतकं कागदाच्या जवळ जाणारं दुसरं काही नाही. पण ते मुळात वही आहे, पीडीएफ तिच्यात पार्श्वभूमीसारखी खाली अंथरलेली असते. जतन केलं की एक्सओपीपी नावाची वेगळी फाइल होते. तिच्यात फक्त तुमचं लिखाण आणि 'खालची पीडीएफ अमुक फोल्डरात आहे' अशी नोंद. पीडीएफ हलवली की वही उघडताना पार्श्वभूमी सापडत नाही म्हणून विचारणा होते. पीडीएफची नवी जागा दाखवली की काम भागतं. पहिल्यांदा उघडतानाच 'ॲटॅच'चा पर्याय निवडला तर वहीच्या शेजारी पीडीएफची स्वतंत्र प्रत ठेवली जाते, तिच्या नावात बीजी अशी अक्षरं असतात. मग दोन्ही फाइली जोडीने हलवायच्या.

पाठवायची मात्र वही नव्हे, 'एक्स्पोर्ट ॲज पीडीएफ' करून निघालेली फाइल. त्यातही एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. या वाटेने तुमचं लिखाण पानाचाच भाग होऊन जातं, कागदावर शाईने लिहावं तसं. कुठल्याही फोनवर, कुठल्याही वाचकात ते दिसणार याची खात्री. पण समोरच्याला बाजूच्या पट्टीत खुणांची यादी मिळत नाही, एकेक दुरुस्ती झाली की पुढची असं जाता येत नाही. आठ पानांच्या कवितांच्या विभागाला हे चालतं. दोनशे पानांच्या अंकाला डीटीपीवाला वैतागतो, आणि त्याचं बरोबर असतं.

झोटेरो हा संदर्भ सांभाळणारा प्रोग्राम वापरणाऱ्या एका पीएचडी करणाऱ्या मैत्रिणीला हाच प्रश्न पडला होता, मार्गदर्शकांना फाइल कोरी गेली म्हणून. २०२२ च्या सहाव्या आवृत्तीपासून झोटेरोत स्वतःचा पीडीएफ वाचक आहे आणि त्यातल्या खुणा झोटेरोच्या डेटाबेसमध्ये जातात, पीडीएफमध्ये नाही. पाठवताना त्यातूनच पीडीएफ निर्यात करायची, फोल्डरमधली फाइल उचलायची नाही.

ग्नोम या लिनक्स डेस्कटॉपचं इव्हिन्स हे पीडीएफ वाचक बंद करताना विचारतं, खुणा आहेत, प्रत जतन करायची का. घाईत 'नको' म्हटलं की गेल्या. त्यांना कपाट वगैरे काही नाही. सप्टेंबर २०२५ च्या ग्नोम ४९ पासून त्याची जागा पेपर्सने घेतली आहे, ते मी अजून फारसं वापरलेलं नाही.

आपली बाजू साफ आहे, तरी दिसत नाही

पीडीएफमधली खूण ही पानावरची शाई नसते. पानाच्या मजकुराला ती शिवत नाही. पानासोबत एक वेगळी यादी असते, तिच्यात 'इथे पिवळा पट्टा, त्यावर ही टीप' अशा नोंदी असतात. वाचणाऱ्या प्रोग्रामने ती यादी वाचायला आणि रंगवायला हवी. फोनमधले काही साधे वाचक आणि निरोपाच्या ॲपमधला झटपट देखावा ती वाचतच नाहीत, किंवा पट्टा दाखवतात आणि टीप गाळतात. म्हणून समोरच्याला पहिला प्रश्न: कशात उघडलीत? उत्तर 'फोनवर' असेल तर आधी संगणकावर उघडायला सांगा. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

छापताना वेगळी पंचाईत. डीटीपीवाले पुष्कळदा तपासलेलं प्रूफ कागदावर काढून शेजारी ठेवतात. ऑक्युलरमधून छापताना छपाईच्या खिडकीत पीडीएफच्या पर्यायांत खुणा छापाव्यात की नाही याची चौकट असते. ती रिकामी असेल तर कागद कोरा. ती चौकट भरून प्रिंटरऐवजी फाइलीत छापलं तर खुणा पानात पक्क्या बसलेली पीडीएफ मिळते. फोनवाल्यांसाठी हाही उपाय. पण चिकटवलेल्या टिपेचं नुसतं चिन्ह छापलं जातं, आतला मजकूर नाही.

मराठी टीप चौकोन होऊन जाते

ऑक्युलरमध्ये मजकूर लिहायचे दोन प्रकार आहेत. एक थेट पानावर टंकायचा, दुसरा टीप चिकटवून तिच्या खिडकीत लिहायचा. मराठीसाठी दुसराच वापरा. पानावर टंकलेल्या मजकुराचं चित्र पॉपलर नावाची लायब्ररी तयार करून फाइलीत ठेवते, आणि माझा अनुभव असा की देवनागरी तिथे कधी चौकोन होऊन येते, कधी जोडाक्षरं सुटतात आणि वेलांटी भलत्या अक्षरावर जाऊन बसते. 'वेलांटी चुकली' अशी टीपच चुकलेल्या वेलांटीसह गेली होती एकदा. खिडकीतल्या टिपेचा मजकूर मात्र युनिकोडमध्ये जातो आणि उघडणारा प्रोग्राम तो स्वतःच्या अक्षरांनी दाखवतो, त्यामुळे सहसा नीट येतो.

टिपांबद्दल एक सावधगिरी. पीडीएफ जतन होताना बऱ्याचदा जुनी फाइल तशीच राहते आणि बदल शेवटी जोडले जातात. म्हणजे तुम्ही लिहिलेली, जतन केलेली आणि नंतर शरमेने काढलेली टीप फाइलीच्या पोटात शिल्लक असू शकते. कुठलाही वाचक ती दाखवत नाही, पण खणणाऱ्याला मिळते. लेखकाच्या व्याकरणाबद्दल रात्री दीड वाजता काही लिहून बसला असाल, तर पाठवण्याआधी फाइल क्यूपीडीएफ या छोट्या प्रोग्राममधून काढा. टर्मिनलमध्ये त्याचं नाव, मग मूळ फाइल, मग नवी फाइल, इतकंच. तो फाइल नव्याने मांडतो आणि जे कुठेच वापरात नाही ते गाळतो.

खूण उमटतच नाही, ही वेगळी तक्रार

साधनंच करडी पडलेली असतील तर फाइलीवर निर्बंध घातलेले असतात. ऑक्युलरच्या सेटिंगमध्ये डीआरएम मर्यादा (म्हणजे हेच निर्बंध) पाळण्याची एक चौकट आहे, ती काढता येते. पण आधी फाइल पाठवणाऱ्याला विचारा, बहुतेकदा त्याने ते निर्बंध चुकून घातलेले असतात आणि तो दोन मिनिटांत मोकळी प्रत देतो.

साधनं चालतात पण पिवळा पट्टा ओढला तरी काहीच होत नाही, तेव्हा पान स्कॅन केलेलं आहे. ऑक्युलरचा हायलायटर अक्षरं पकडतो आणि चित्रात अक्षरं नसतात. जुन्या अंकातला लेख पुनर्मुद्रणासाठी येतो तेव्हा हे हटकून होतं. एक-दोन पानं असतील तर चौकट किंवा मुक्त रेघ वापरा. जास्त असतील तर चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर बसवणारा ओसीआरमायपीडीएफ हा प्रोग्राम टाका आणि तो ज्यावर चालतो त्या टेसरॅक्टचा मराठी भाषासंच वेगळा बसवा, तो आपोआप येत नाही. चालवताना भाषा मराठी आणि इंग्रजी दोन्ही सांगा. ओळखलेला मजकूर चित्राखाली अदृश्य थर म्हणून बसतो. त्यात चुका असतात, जोडाक्षरांत तर भरपूर, पण पट्टा ओढायला तेवढं पुरतं.

श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधल्या फाइलींत उलट होतं. पट्टा छान बसतो, मात्र शोध चालत नाही आणि मजकूर उचलला तर रोमन अक्षरांची खिचडी येते. खुणांना त्याचा त्रास नाही, म्हणून इथे सोडून देते.

आता फाइल पाठवताना मी निरोपात एक ओळ जास्त लिहिते: 'एकूण ११२ खुणा, शेवटची पान ६१ वर.' ऑक्युलरच्या बाजूच्या पट्टीत पानवार यादी असते, ती मोजायला मिनिटभर लागतं. परवा फोन आला, "ताई, एकशे अकराच आहेत." मी यादी उघडून बघितली. पान २३ वर एकाच शब्दावर दोनदा पिवळं केलं होतं.